मे महिना, बर्फाची लादी आणि बियरची बाटली

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात बियरची बाटली फुटली की सगळे उन्हाच्या नावाने बोटं मोडतात. ऊन दोषी आहेच, पण बाटली उन्हात ठेवलेली असताना सहसा फुटत नाही. उन्हातून उचलून कोणीतरी ती थेट बर्फात खुपसतो, तेव्हा फुटते. कॅनचं वेगळं आहे, तो खरोखर उन्हानेच जातो. आणि फ्रीजरमध्ये विसरलं तर दोघंही जातात. तीन दुखणी वेगळी, म्हणून उपायही वेगळे.

आधी आतला दाब समजून घेऊ. बियरमध्ये कार्बन डायऑक्साइड विरघळवलेला असतो, लिटरला साधारण ५ ग्रॅम. ६५० मिलीच्या बाटलीत सव्वातीन ग्रॅम. ऐकायला चिमूटभर वाटतो, पण मोकळा सोडला तर हाच वायू पावणेदोन लिटर जागा घेतो. थंड पाण्यात वायू गुमान विरघळून बसतो, तापलेल्या पाण्यात बसत नाही. तो वर येतो आणि बाटलीच्या मानेतल्या दोन-चार बोटं मोकळ्या जागेत गर्दी करतो. नुसती हवा भरून बंद केलेली बाटली ४ अंशांवरून ४५ वर नेली, तर आतला एकूण दाब जेमतेम १५ टक्के वाढेल. बियरच्या बाटलीत तो जवळजवळ तिप्पट होतो.

टायरवाल्याच्या भाषेत सांगायचं तर हवा अशी भरते: फ्रिजमध्ये ४ अंशांना ११-१२ पीएसआय, २० अंशांना २८ ते ३०, तिशीत ४० च्या आसपास, ४५ ला साधारण ६०, आणि ६० अंशांना ८५ ते ९०. कारच्या टायरमध्ये आपण ३०-३२ भरतो. म्हणजे मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत पडलेल्या बाटलीत टायरच्या दुप्पट हवा असते, आणि तिला आवरून धरायला रबर नसतं, काच असते.

तरी धडधाकट बाटली एवढं सहन करते. नवी बाटली याच्या दुपटीहून जास्त दाब झेलेल अशीच बनवलेली असते. शिवाय बाटलीबंद बियर बहुतेक कारखान्यांत भरून, झाकण लावून मग पाश्चराइज करतात. गरम पाण्याच्या फवाऱ्याखालून बाटली सावकाश सरकते, आतली बियर ६० अंशांपर्यंत तापते आणि तितक्याच सावकाश पुन्हा निवते. कच्ची बाटली असेल तर ती तिथेच फुटते. दुकानातली बाटली म्हणजे एकदा ६० अंशांची परीक्षा पास होऊन आलेली बाटली. मग ती आपल्याकडे ४० अंशांत का फुटते?

कारण मधल्या काळात तिला ओरखडे पडलेले असतात. आपल्याकडची ६५० मिलीची बाटली बऱ्याचदा फिरून आलेली असते: भंगारवाल्याकडून गोळा होते, कारखान्यात गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुतली जाते, पुन्हा भरली जाते. दर फेरीला काच काचेवर घासते. उजेडात आडवी धरून बघा. खांद्याखाली आणि तळाच्या जरा वर, असे दोन पांढुरके खरबरीत पट्टे दिसतील. क्रेटमध्ये शेजारणीशी घासून ते होतात. काच दाबली तर दगडासारखी टिकते, ताणली की कमकुवत, आणि ताण सगळा ओरखड्याच्या टोकाशी जमा होतो. नवी काच आणि घासलेली काच यांच्या ताकदीत अर्ध्याहून जास्त फरक पडू शकतो. पट्टा नुसता पांढुरका असेल तर चालतं. पण नखाला खाच लागत असेल, तळाच्या कडेला कपची उडालेली असेल किंवा मानेजवळ बारीक चकाकणारी रेघ दिसत असेल, तर ती बाटली दुकानदाराला परत द्या. नाही म्हणाला तर निदान तापवू नका, आपटू नका आणि सगळ्यांत आधी तीच संपवा. झाकणापर्यंत काठोकाठ भरलेली दिसली तर तीही आधी. ४ वरून ४५ अंशांवर जाताना ६५० मिली बियर स्वतःच सहा-सात मिली फुगते, आणि फुगायला जागाच नसेल तर दाब वरच्या आकड्यांच्या पुढे जातो.

आता बर्फाकडे येऊ, कारण लग्नसराईत खरी फुटाफूट तिथेच होते.

काचेच्या बाटल्यांची नेहमीची चाचणी ४२ अंशांच्या फरकाची असते. गरम पाण्यातून काढून तितक्या अंशांनी थंड पाण्यात बुडवायची आणि तडा जातो का बघायचं. हा आकडा आपल्या जिल्ह्यांसाठी फार बेताचा आहे. टेम्पोत तापलेली बाटली सहज ४५-५० अंशांवर असते, बर्फाचं पाणी शून्यावर. फरक चाचणीच्या पुढे गेला, आणि चाचणी नव्या, बिनओरखड्याच्या बाटलीची होती. बर्फाच्या पाण्यात पडताच काचेचा बाहेरचा थर आक्रसतो, आतला अजून तापलेलाच असतो. बाहेरच्या थराला ताण बसतो. आतला ६० पीएसआय दाबही त्याच बाहेरच्या थराला ताणत असतो. ओरखडेही तिथेच असतात. तिन्ही गोष्टी एकाच जागी भेटल्या की बाटलीचं बूड सुटतं.

म्हणून क्रम पाळायचा. टेम्पोतून उतरवलेले खोके आधी सावलीत, जमलं तर कूलरच्या वाऱ्यात, अर्धा-पाऊण तास ठेवा. मग बाटल्या पिंपात किंवा टपात उभ्या लावून साधं पाणी ओता. विहिरीचं किंवा रांजणातलं चालेल, पण छतावरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी नको, ते स्वतःच चाळिशीत असतं. दहा-पंधरा मिनिटांनी बर्फ टाकायला सुरुवात करा, थोडा थोडा, अर्ध्या तासात विभागून. १२ बाटल्यांच्या एका खोक्याला साधारण १० लिटर पाणी आणि ८ ते १० किलो बर्फ लागतो. त्यातला साडेतीन किलोच्या आसपास बर्फ बियर आणि काच ३५ वरून ५ अंशांवर आणण्यात जातो, तीन किलो पाणी गार करण्यात, बाकी उकाडा खातो. शेवटचा बर्फ टाकल्यावर २०-२५ मिनिटांत बाटली पिण्याजोगी होते. पाणी हवंच. कोरड्या खड्यांत बाटलीला बर्फ ठिकठिकाणी टेकतो आणि मध्ये हवा राहते, त्यामुळे वेळही जास्त लागतो आणि काच एका जागी गार, एका जागी गरम राहते.

लादी फोडायची ती लांब, बारदानात गुंडाळून. पिंपातच लादी सोडून वरून टोच्याने ठोकणारे महाभाग प्रत्येक हळदीत एक तरी असतात. टोच्याचा घाव बर्फातून खाली बाटलीच्या खांद्याला जातो आणि खालच्या बाटल्यांवर दहा किलोचा तुकडा आपटतो तो वेगळाच.

बर्फात मीठ टाकून लवकर गार करण्याची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते, त्याची दुसरी बाजू फारशी नसते. खडेमीठ भरपूर पडलं तर बर्फाचं पाणी उणे १० च्या खाली उतरतं. पाच टक्क्यांची माइल्ड बियर उणे २-३ अंशांवर गोठायला लागते, स्ट्राँग त्याच्या थोडी खाली. म्हणजे मीठ घातलेलं पिंप हा फ्रीजरच झाला. मीठ घालायचंच असेल तर दहा किलो बर्फाला दोन मुठींच्या पुढे जाऊ नका आणि पिंपाकडे पाठ फिरवू नका.

फ्रीजरमध्ये काय होतं ते बघा. पाणी गोठताना ९ टक्के फुगतं. बाटलीत मोकळी जागा असते त्याहून कमी. त्यात बर्फ होताना पाणी तेवढं गोठतं, वायू आणि अल्कोहोल बाजूला ढकललं जातं. उरलेल्या थोड्याशा बियरमध्ये सगळा वायू मावत नाही, तो वर येऊन दाब वाढवतो. एकीकडून बर्फ रेटतो, दुसरीकडून वायू. कॅनचा तळ बाहेर येतो, मग झाकणाची खाच उघडते आणि फ्रीजरभर फेसाचा बर्फ. बाटली बहुधा मध्येच उभी चिरते आणि गोठलेल्या बियरमुळे चिकटून उभी राहते. ही सगळ्यांत फसवी अवस्था, कारण अख्खी दिसते आणि हातात घेतल्यावर सुटते. फ्रीजरमध्ये ठेवायचीच असेल तर मोबाइलला ४५ मिनिटांचा गजर लावा. तेवढ्यात बाटली प्यायला गार होते, गोठत नाही.

विसरलात आणि बाटली गोठलेली सापडली, तर ती टेबलावर किंवा गरम पाण्यात ठेवू नका. जाड टॉवेलात गुंडाळून, बादलीत उभी करून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात एक दिवस ठेवा. पूर्ण वितळल्यावर बादलीत गळती दिसली नाही तरच उघडा. चव पाणचट-उग्र अशी काहीतरी झालेली असते, त्यामुळे फेकून दिली तरी नुकसान नाही.

एका दरवाज्याच्या फ्रिजची एक खोड आपल्याकडे हिवाळ्यात त्रास देते. उन्हाळ्यात नॉब फिरवून सगळ्यात मोठ्या आकड्यावर नेलेला असतो आणि डिसेंबरात तो तसाच राहतो. धुळ्यात पहाटे पारा एक आकड्यावर येतो, फ्रिजला बाहेरून उष्णतेशी झगडावं लागत नाही, आणि बर्फाच्या कप्प्याखालचा ट्रे शून्याखाली जातो. भरीत पार्टीसाठी आणून ठेवलेल्या बाटल्या त्या ट्रेमध्ये आडव्या गोठतात. दिवाळी झाली की नॉब मधल्या आकड्यावर आणा आणि बाटल्या मागच्या भिंतीला टेकवू नका. दरवाज्याच्या कप्प्यात मोठी बाटली नकोच. भरलेली बाटली किलोच्या वर असते आणि दरवाजा दिवसातून पन्नास वेळा आपटला जातो.

आता कॅन. त्याची भिंत जेमतेम एक दशांश मिलिमीटर, कागदापेक्षा फार जाड नाही. तो ताठ राहतो तो आतल्या दाबामुळेच. तळाला आत वळलेली वाटी असते आणि झाकणाला उघडण्यासाठी कोरलेली खाच. कॅन साधारण ९० पीएसआयच्या हिशेबाने बनवलेला असतो. वरचे आकडे पुन्हा पाहा: ६० अंशांना आपण नेमके तिथेच पोचतो. मे महिन्यात काचा बंद करून उन्हात उभी केलेली गाडी आतून ६० च्या पुढे सहज जाते, डॅशबोर्ड त्याहून वर. धुळ्याहून चाळीसगावकडे जाताना कुठे जेवायला थांबलात आणि कॅनचा ट्रे मागच्या सीटवर उघडा राहिला, तर ती वेळ कॅनच्या सहनशक्तीच्या काठावरची असते. डिकी जरा बरी, पण बरी म्हणजे सुरक्षित नव्हे. थर्मोकोलच्या पेटीत, वर ओलं बारदान आणि गाडी सावलीत, एवढं तरी करा. ती पेटी कॅन गार ठेवायला नसून उकळू न द्यायला आहे असं समजा.

जास्त तापलेला कॅन आधी इशारा देतो. तळाची वाटी बाहेर उलटते, कॅन सपाट फरशीवर डुगडुगतो. झाकण टोपीसारखं वर येतं. असा कॅन तापलेला असताना उघडायचा नाही, हलवायचा नाही आणि तोंडाजवळ तर अजिबात न्यायचा नाही. ओलं जाड कापड टाकून सावलीत निवू द्या, मग साध्या पाण्यात, मग फ्रिजमध्ये. पूर्ण गार झाल्यावर मोरीत, तोंड दुसरीकडे करून उघडा.

ट्रेमधला एक कॅन गळाला की बाकीचे पुसून ठेवावे लागतात, हे बहुतेकांना माहीत नसतं. कॅनला आतून लेप असतो, बाहेरून तसा नसतो. बियर आंबट असते, ती शेजारच्या कॅनच्या अल्युमिनियमला बाहेरून खात जाते आणि आठ-पंधरा दिवसांत त्यालाही सुईएवढं भोक पडतं. गळका कॅन काढा, उरलेले साध्या पाण्याने धुवा, कोरडे करा, ओला पुठ्ठा फेकून द्या.

ओला पुठ्ठा हेही एक कारण, फुटण्याचं नसलं तरी पडण्याचं. भिजलेल्या खोक्याचा तळ उचलताना सुटतो. खोका नेहमी खालून हात घालून उचलायचा. जमिनीवर ओल असेल तर खाली फळी टाका आणि एकावर एक तीनपेक्षा जास्त रचू नका.

हलवल्याने बाटली फुटते का, हा प्रश्न हमखास येतो. बंद बाटली हलवल्याने दाब फारसा वाढत नाही. तापमान तेच असेल तर वायूची वाटणीही तीच राहते. हलवल्याने बारीक बुडबुडे बियरभर पसरतात, आणि झाकण उघडताच प्रत्येक बुडबुड्याभोवती वायू गोळा होऊन फेस उसळतो. म्हणजे हलवलेली बाटली अंगावर उडते, फुटत नाही. टेम्पोतून खडखडत आलेल्या बाटल्या फुटतात त्या एकमेकींवर आपटून. खोक्यातले पुठ्ठ्याचे आडवे-उभे पडदे जागेवर आहेत ना, एवढं बघून घ्या. पडदा फाटला असेल तर जुन्या वर्तमानपत्राची गुंडाळी चालते.

पाश्चराइज न केलेली बियर ही वेगळी जात. पुण्या-नाशिकच्या मायक्रोब्रुअरीतून ग्राउलरमध्ये, म्हणजे घरी न्यायच्या मोठ्या बाटलीत, भरून आणलेली किंवा फळांचा गर घातलेली गढूळ क्राफ्ट बियर, हिच्यात यीस्ट जिवंत असतं. साखर शिल्लक असली आणि उष्णता मिळाली की ते पुन्हा कामाला लागतं. लिटरमागे ४ ग्रॅम साखर आंबली तर बियरमधला वायू जवळजवळ दीडपट होतो. वर दिलेले दाबाचे आकडे मग उपयोगाचे राहत नाहीत, कारण दाब तापमानानेच नव्हे तर दिवसागणिक वाढतो. अशी बियर २ ते ४ अंशांतच ठेवायची, प्रवासात बर्फात ठेवायची, दोन-तीन दिवसांत संपवायची. घरी आल्याचं पाणी आंबवून ‘जिंजर बियर’ करणाऱ्यांनाही हाच नियम. काचेच्या जुन्या बाटल्यांत ती भरणं म्हणजे बॉम्ब भरणं. सोड्याची प्लास्टिक बाटली वापरा, ती दाबून कडक लागली की लगेच फ्रिजमध्ये.

कार्यक्रमाला केग, म्हणजे बियरचं बंद पिंप, आणि वायूचा सिलिंडर येणार असेल तर एकच गोष्ट डोक्यात ठेवा: सिलिंडर मांडवाबाहेर उन्हात नको. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रवरूपात राहत नाही, आणि त्यापुढे भरलेल्या सिलिंडरचा दाब झपाट्याने चढतो. सिलिंडर सावलीत, उभा, साखळीने बांधलेला, आणि केगकडे जाणाऱ्या नळीवर रेग्युलेटर व सेफ्टी व्हॉल्व्ह दोन्ही. बंद खोलीतही नको. हा वायू हवेपेक्षा जड असतो, गळाला तर खाली साचतो.

फ्रिज नाही, आठवडाभर ठेवायची आहे, मळ्यातली खोली आहे, तर? आपल्या कोरड्या हवेचा फायदा घ्या. मे महिन्यात दुपारी ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओलं कापड सिद्धांताने २३ अंशांपर्यंत उतरू शकतं. प्रत्यक्षात भिजवलेल्या बारदानाखाली २६ ते २८ मिळतात. मातीचा रुंद रांजण किंवा विटांचा कोपरा करा, खाली चार बोटं वाळू, बाटल्या उभ्या, वरून दुहेरी बारदान, दिवसातून तीन-चार वेळा पाणी आणि वारा लागेल अशी जागा. माठाचीच ही युक्ती, फक्त मोठी. जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर असेल तर त्याची मधली खोली पत्र्याच्या खोलीपेक्षा कितीतरी गार राहते, तिथे कोपऱ्यात ठेवा. पाऊस सुरू झाला की मात्र बारदान काढा. दमट हवेत ते गार करत नाही, नुसती झाकणं गंजवतं. बाटली उभी का? आडवी ठेवली तर बियर झाकणाच्या अस्तराला सतत लागते आणि हवेशी तिचा पृष्ठभागही वाढतो. उजेडही नको. तपकिरी काच बराच उजेड अडवते, हिरवी आणि पांढरी अडवत नाही, आणि उन्हात तासाभरात बियरला कुबट वास येतो.

शेवटी, फुटलीच तर. सगळ्यांना लांब करा आणि खोक्यात लगेच हात घालू नका. एक फुटली तेव्हा शेजारच्यांनाही धक्का बसलेला असतो. वर ओलं बारदान टाका, अर्धा तास निवू द्या. मग बूट, जाड हातमोजे आणि शक्य असेल तर चष्मा घालून एक एक बाटली मानेला धरून काढा. काचा झाडण्याआधी एक मिनिट निरखून बघा. बूड गोल चकतीसारखं अख्खं सुटलं असेल आणि तुकडे थोडेच असतील, तर उष्णतेचा झटका, म्हणजे बर्फ घाईने पडला. एका बिंदूपासून पंख्यासारख्या चिरा फाकून बारीक तुकड्यांचा खच पडला असेल तर आतला दाब, आणि तो बिंदू बहुधा पांढऱ्या पट्ट्यावरच सापडेल. एका जागी ताऱ्यासारखी खूण असेल तर मार लागलेला. दाबाने गेलेली असेल तर त्याच खोक्यातल्या बाकीच्या अकरा उजेडात धरून बघा, पट्ट्यावरून नख फिरवा, आणि खाच लागेल ती वेगळी काढा.